चित्रांची भीती कोणाला?

शाळेच्या कपाटात चित्रकथा ठेवाव्यात असे कोणी सुचविले की ‘मुले चित्रांतच रमतील, वाचन बुडेल’ हा आक्षेप ठरलेलाच. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथे’वर ज्या सुखवस्तू घरांतील पिढ्या वाढल्या, त्या घरांतील मुलांचे वाचन बुडाले काय? मग गरिबाच्या मुलापुढे चित्रकथा येताच वाङ्मयाच्या अधःपाताची चिंता का वाटावी?

धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतील कित्येक मुले दरवर्षी मुकादमाची उचल फेडणाऱ्या आईबापांमागे ऊसतोडीला जातात. महिनोन् महिने कोपीत काढून परतलेल्या मुलाला अक्षर परके झालेले असते. पानभर मजकूर पाहून ते बिचकते. चित्राचा आधार मिळाला तर तेच मूल वाक्यापर्यंत पोहोचते. पिंगुळीच्या चित्रकथींनी निरक्षर श्रोत्यांना रामायण-महाभारत दाखविले, ते याच वाटेने.

मात्र राजे आणि देव यांच्याच चित्रकथा वाटणे म्हणजे जुनीच गुलामी रंगवून देणे होय. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये तहानलेल्या भीमाला पाणी नाकारणारा समाज चितारला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला, इंग्रजीत. जोतीरावांनी १८७३ साली मराठीत लिहिलेल्या ‘गुलामगिरी’वरील चित्रकादंबरीही त्याच वर्षी इंग्रजीतच निघाली. ज्यांच्यासाठी जोतीराव झिजले, त्यांच्या नातवंडांनी ती कोणत्या भाषेत वाचावी?

पैसा नाही, ही सबब जुनी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय व त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने ते धैर्य दाखविले नाही. गावोगावची ग्रंथालये म्हणूनच अनुदानाकडे डोळे लावून बसतात. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत ९३ वे साहित्य संमेलन भरले. अशा मंडपांवर खर्च करता येतो, तर कोपीपर्यंत पुस्तकांची एक पेटी का पोहोचू नये?

तेव्हा ग्रंथालय उपकर बसवावा. फुले-आंबेडकरांच्या आणि कष्टकऱ्यांच्या जीवनावरील चित्रकथा शासनाने स्वस्त मराठी आवृत्तीत काढाव्यात. आणि हंगामात त्यांच्या पेट्या फडावर धाडाव्यात. पोर चित्र पाहता पाहता वाचू लागेल आणि वाचू लागले की उचलीचा हिशेबही विचारील. चित्रांची भीती असेल, तर ती याच हिशेबाची आहे.