सहा फुटी हवालदार

चंदीगडला नोकरी करणारा माझा भाचा सहसा तक्रार करत नाही. थंडीची नाही, राजम्याची नाही. या रविवारी मात्र फोन उचलताच म्हणाला, "मावशी, परवा आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या."

मला वाटलं, मटकी फोडायचा कार्यक्रम असेल. निघालं प्रशिक्षण. दिव्यांग सहकाऱ्यांच्या अडचणी कळाव्यात म्हणून सगळ्यांनी डोळे बांधून पँट्रीपर्यंत जायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. कुणीतरी साहेबांच्या शर्टावर चहा सांडला, हशा पिकला, फोटो निघाले. बाहेरून बोलावलेल्या बाईंनी प्रत्येकाला "आता कसं वाटतंय?" असं विचारलं. सगळ्यांना फार वाईट वाटत होतं म्हणे. मग सामोसे आले.

त्याच मजल्यावर एक मुलगा खरोखरच दृष्टिहीन आहे. त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं, कारण त्याला प्रशिक्षणाची गरज नव्हती! त्याचं मागणं किती, तर रजेचा अर्ज ज्या नव्या ॲपवर भरायचा, त्यातल्या बटणांना नावं द्या. नावं नसल्यामुळे पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्याचा स्क्रीन रीडर नुसता "बटन, बटन, बटन" एवढंच म्हणत राहतो. त्यामुळे त्याला रजा हवी असली की अर्ज माझा भाचा भरतो. बटणांना नावं द्यायचं काम कुणाचं, हे अजून ठरायचंय. पट्ट्या मात्र एका दिवसात आल्या, त्याही रेशमी.

डोळे बांधून घटकाभर चाललं की एवढंच कळतं, की आपल्याला डोळे बांधून चालता येत नाही. जन्मभर तसाच वावरलेला माणूस चहा सांडत नाही. तो कधीच शिकून पुढे गेलाय. पण आता त्या मजल्यावरची निम्मी माणसं त्याच्याकडे "बिचारा कसं करत असेल" अशा चेहऱ्याने बघणार. पुढच्या बढतीच्या वेळीही तोच चेहरा मध्ये येणार.

कायद्याचं एकदाचं उरकून घेते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. खासगी कंपन्यांवर तशी सक्ती नाही. त्यांच्याकडे किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच. शिवाय परीक्षा पास झालं म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यूपीएससीच्या २०१५च्या परीक्षेत ७७३व्या आल्या, तर दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना घेतलं नाही. पुढच्याच परीक्षेत १२४वा क्रमांक काढून त्या आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. रेल्वेचे हिशेब डोळ्यांशिवाय होत नाहीत, पण महसूल विभाग चालतो, हे त्यानिमित्ताने समजलं.

भाच्याचा फोन झाल्यावर मी केंद्र सरकारची २०२१ची यादी काढून बसले. कुठल्या पदावर कोण काम करू शकेल याची ही यादी साडेतीन हजारांहून अधिक पदांची आहे आणि प्रत्येक पदापुढे त्या कामाला काय काय करता यावं लागतं याची इंग्रजी अक्षरं आहेत. बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, गुडघे टेकणे, बोटांनी काम करणे, वाचणे-लिहिणे, बघणे, ऐकणे, बोलणे. आमचे हे बँकेत छत्तीस वर्षं होते, त्यांना विचारलं, "तुम्ही यातलं काय काय केलंत?" म्हणाले, "बसणे. आणि ऑडिटच्या आठवड्यात गुडघे टेकणे."

मुळात या सगळ्या जागा कुणाच्या मापाने बेततात? चंदीगडचंच बघा. हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने माणसाचं एक आदर्श माप ठरवलं होतं, मोड्युलॉर नावाचं. आधी त्याचा माणूस १.७५ मीटरचा होता. मग तो १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट झाला. का? तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतली देखणी माणसं, पोलीसबिलीस, नेहमी सहा फुटी असतात! हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे पंजाबातल्या कारकुनांची कचेरी कादंबरीतल्या विलायती हवालदाराच्या मापाने.

या हवालदाराशी माझं जुनं वैर आहे. मी पडले बुटकी, स्टुलाशिवाय माझं चालत नाही. ओट्यावरची फळी त्याच्यासाठी, एसटीतला दांडा त्याच्यासाठी, बँकेचा काउंटरही त्याच्यासाठी. मी स्टूल घेतलं तर त्याला सवलत म्हणायचं, आणि त्याचा हात फळीला पोचला तर ती त्याची पात्रता. साहेबांना चष्मा लागतो, त्यांच्या पाठीसाठी खास खुर्ची येते, कागद वाचून दाखवायला पीए असतो. त्याला कुणी सोय म्हणत नाही. साहेबांना चष्म्याविना पँट्रीपर्यंत चालवा की एकदा.

खुर्चीवरून आठवलं. चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या होत्या. सरकारने त्या पुढे भंगारात काढल्या आणि आता परदेशातल्या लिलावांत त्या लाखांनी जातात. हे मी तावातावाने यांना वाचून दाखवलं. म्हटलं, एक जरी तेव्हा भाच्याने उचलली असती! हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तेव्हा तो जन्मलाही नसेल. आणि त्या खुर्चीत तुझे पाय जमिनीला टेकले असते का, ते बघ आधी."