विश्लेषण : हजेरीचा फोटो काढला म्हणून काम वाढते का?

‘मनरेगा’च्या कामांवर मोबाइलवरून फोटो काढून हजेरी नोंदवण्याच्या पद्धतीतही बनवाबनवी होते, हे ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेला फोटो, सकाळी एक माणसे तर दुपारी दुसरीच, हजेरीपट आणि फोटो यांतील स्त्री-पुरुषांची संख्या न जुळणे, अशी यादीच त्यात होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाऐवजी १२५ दिवसांच्या रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर केला. डिजिटल देखरेखीवरचा भर त्यातही कायम आहे. त्यामुळे प्रश्न जुना झालेला नाही.

हे अ‍ॅप कशासाठी आणले?

खोट्या नावांनी भरलेले मस्टर महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात येथे सुरू झालेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे बळ मिळालेली रोजगार हमी योजना हे मनरेगाचे मूळ. ‘बोगस मजूर’ हा शब्दही तेव्हापासूनचा. कागदी मस्टर घरबसल्या भरता येते, फोटोला मात्र माणूस जागेवर लागतो, या विचारातून मे २०२१ मध्ये ‘एनएमएमएस’ अ‍ॅप आले. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ते सर्वत्र सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह, फोटो चढवायचा.

कॅमेऱ्याने हजेरी सुधारल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आपल्याच देशातले आहे. राजस्थानात उदयपूरच्या ग्रामीण भागात ‘सेवा मंदिर’ ही संस्था एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवत असे. शिक्षक वारंवार गैरहजर राहत आणि मग शाळाच बंद. २००३ मध्ये अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांच्या प्रयोगात निम्म्या शाळांना कॅमेरे दिले गेले. तारीख-वेळ बदलता येणार नाही, असे. शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने शिक्षक आणि मुलांचा फोटो काढायचा. दोन फोटोंत किमान पाच तासांचे अंतर हवे.

खरी मेख पगारात होती. महिन्याला २० दिवस भरले तर १,००० रुपये, त्यावरील प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये वजा. म्हणजे पगार ५०० ते १,३०० रुपयांच्या दरम्यान. इतर शाळांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेरा असलेल्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली. मुलांचे गुणही वाढले. संशोधकांनी महिनाअखेर आणि पुढच्या महिन्याची सुरुवात यांची तुलना केली. कॅमेरा दोन्ही दिवशी सारखाच; पण हिशेब बदलला की हजेरी बदलत होती. शिक्षकाला शाळेत आणले ते पैशाने. कॅमेऱ्याने फक्त तो पैसा वादाविना मोजता आला.

मग तेच सरकारी यंत्रणेत का टिकले नाही?

त्याच जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकांवर असाच प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि रॅचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास केला. ठरलेल्या दिवशी यंत्रावर तारीख-वेळेचा शिक्का मारायचा. निम्म्याहून अधिक दिवस गैरहजर राहिल्यास जिल्हा प्रशासन पगार कापणार. पहिले काही महिने हजेरी झपाट्याने वाढली. नंतर वरिष्ठांकडून ‘सूट’ मिळू लागली. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा आणखी काही. सूट मिळालेला दिवस गैरहजेरीत धरायचा नाही. सुमारे दीड वर्षात प्रयोगाचा परिणाम पूर्ण पुसला गेला. यंत्रे प्रामाणिकपणे नोंद करत होती, पण पगार कापण्याची वरिष्ठांची इच्छा मावळली होती. शाळांमध्ये पैसे देणारी आणि नोंदी तपासणारी संस्था एकच होती, तिला मुले शिकायला हवी होती. इथे तपासणी संस्थेकडे, कात्री प्रशासनाकडे.

रोजगार हमीत नजर कोणावर आहे?

या ठिकाणी अ‍ॅपचा हिशेबच उलटा आहे. उदयपूरच्या शाळांत ज्याच्यावर नजर, त्याचाच फायदा आणि त्याचाच तोटा. रोजगार हमीत नजर मजुरावर आहे. मस्टर मात्र मजूर भरत नाही. फोटो चढवतो मेट किंवा ग्रामरोजगार सेवक. नेटवर्क नसल्याने फोटो गेला नाही तर बुडते ती मजुराची मजुरी. खोटा फोटो चढवणाऱ्याचे मात्र कोणी तपासेपर्यंत काही बिघडत नाही. महाराष्ट्रात ग्रामरोजगार सेवकाचे मानधन अनेक वर्षे मनुष्यदिवसांशी जोडलेले होते. मस्टरवर दिवस जितके जास्त, मानधन तितके जास्त. त्याच माणसाकडे हजेरीची जबाबदारी. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांना दरमहा आठ हजार रुपये मानधन देण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

दुसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते. किती घनमीटर खोदले, ते अभियंता मोजतो. म्हणजे मेहनतीशी जोडलेला मोबदला इथे आधीपासूनच आहे. मे महिन्यात पहाटे सहाला कामाला लागून दहापर्यंत वाटणीची माती उपसणारी बाई जास्त कष्टाळू की कमी? अ‍ॅपच्या लेखी तिला दुसऱ्या फोटोसाठी थांबायला हवे, किंवा उन्हात पुन्हा यायला हवे. फोटोत माणूस दिसतो, खड्ड्याची खोली दिसत नाही.

पुढे काय?

परिपत्रकातील उपाय म्हणजे आणखी तपासणी. ग्रामपंचायत पातळीवर सर्व फोटो पडताळायचे, वर तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर त्यांतील काही. चेहऱ्याची ओळख पटवणारे तंत्रज्ञान आले तर फोटोचा फोटो काढणे अवघड होईल, हे खरे. पण उन्हाने रापलेले चेहरे आणि झिजलेले अंगठे यंत्राला न ओळखल्यास त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची आणि किती दिवसांत, हेही नव्या कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहावे लागेल. तसेच खोटी नोंद पडताळून ‘बरोबर’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून किती कापायचे, हेही.