विश्लेषण : आजार एकच, जीन थेरपी दोन, मग कर्करोगाचा इशारा एकीवरच का?

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजेच एफडीएने, ८ डिसेंबर २०२३ रोजी सिकलसेलवरच्या दोन जीन थेरपींना मंजुरी दिली: कॅसजेव्ही आणि लिफजेनिया. यातल्या लिफजेनियाच्या माहितीपत्रकावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा आहे, कॅसजेव्हीच्या नाही. हा फरक समजून घ्यायचा तर आधी पेशीचं दुरुस्तीचं काम पाहावं लागेल.

तुटलेला डीएनए कसा जोडला जातो?

डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटणं पेशीसाठी सर्वांत धोक्याचं. अशा वेळी तिच्याकडे दोन मुख्य मार्ग असतात.

पहिला झटपट. काही प्रथिनं तुटलेली टोकं पकडून थेट जोडतात. यात दोन-चार 'अक्षरं' गळतात किंवा जास्तीची घुसतात.

दुसरा मार्ग बिनचूक. विभाजनाआधी पेशी डीएनएची दुसरी प्रत बनवते, ती समोर ठेवून दुरुस्ती होते. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं इथेच कामाला येतात. ती बिघडली की स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

कॅसजेव्ही : चूक हाच उपचार

क्रिस्पर जनुक 'दुरुस्त' करतं असं म्हटलं जातं. कॅसजेव्हीत ते फक्त कापतं, जोडायचं काम पेशी करते.

जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद करण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा वाटा असतो. रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी बाहेर काढून या जनुकाचा नेमका एक भाग कापला जातो. पेशी तो घाईने जोडते, जोडताना चुकते आणि बटण बिघडतं. मग गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण खूप कमी होतं. चाचणीत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

लिफजेनिया : बाहेरचं जनुक आत

इथे निकामी केलेला विषाणू हिमोग्लोबिनचं नवं जनुक पेशीत नेतो. विषाणूचं एन्झाइम ते डीएनएत घुसवतं आणि उरलेल्या फटी पेशीच बुजवते. पण जनुक नेमकं कुठे बसेल, हे आधी ठरवता येत नाही.

हा धोका पॅरिसमध्ये दिसला होता. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवरच्या तिथल्या चाचणीत घातलेलं जनुक कर्करोगाशी संबंधित जनुकाशेजारी बसलं आणि चार मुलांना ल्युकेमिया झाला. त्यातलं पहिलं प्रकरण २००२ मध्ये समोर आलं. आजचे विषाणू त्यापेक्षा सुरक्षित मानले जातात. लिफजेनियाच्या सुरुवातीच्या चाचणीतही दोघांना रक्ताचा कर्करोग झाला. तो जनुक घुसल्यामुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही, तरी इशारा कायम आहे.

क्रिस्परही पूर्ण निर्धोक नाही. चुकीच्या जागी काप गेला तर तिथेही पेशी तसंच घाईचं जोडकाम करणार. शिवाय दोन्ही उपचारांआधी रुग्णाला जड केमोथेरपी घ्यावी लागते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. देशातून हा आजार २०४७ पर्यंत हटवण्याचं केंद्राचं अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. पण अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठरली. गडचिरोलीतल्या कुटुंबासाठी हा आकडा निरर्थक आहे.

म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेच्या 'बिरसा १०१' या क्रिस्पर उपचाराकडे लक्ष आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाला. आता तो रुग्णांवरच्या चाचण्यांत सिद्ध व्हायला हवा.

पुढे काय पाहायचं?

जीन थेरपीची पुढची बातमी फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. जनुक कापलं जातंय की नवं घातलं जातंय? आणि रुग्णांवर किती वर्षं लक्ष ठेवणार? एफडीए अशा उपचारांसाठी १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा सुचवते. पेशीने केलेल्या जोडकामाचा परिणाम कळायला तेवढा काळ लागू शकतो.