घरट्यांची मोजदाद

वेंगुर्ले हे नाव व्यापाराच्या इतिहासात जुने आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती गावात अजून उभ्या आहेत. त्या काळी मालाची गलबते हाकणाऱ्या तांडेलांना बंदराइतकीच समोरच्या समुद्रातील खडकांचीही ओळख ठेवावी लागे. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान, निवतीच्या किनाऱ्यापासून काही मैल आत, उघड्या खडकांचा एक पुंजका पाण्याबाहेर डोके काढून आहे. नकाशावर त्यास ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. तेथे दीपगृह आहे, गोड्या पाण्याचा थेंब नाही, आणि नाव लावायला सोयीची जागाही नाही. ज्या अडचणींमुळे माणूस तेथे वसला नाही, त्याच अडचणींमुळे पक्षी तेथे वसले.

हे पक्षी दोन प्रकारचे. उघड्या खडकांवर, कपारींच्या आडोशाने, सुरय जातीचे समुद्रपक्षी अंडी घालतात. आणि बर्न्ट आयलंड नावाच्या बेटावरील काळोख्या गुहेत भारतीय पाकोळी घरटे बांधते. पाकोळी हा खरा समुद्रपक्षी नव्हे. ती दिवसभर हवेतले कीटक टिपते. पण प्रजननासाठी तिला ही समुद्राने वेढलेली गुहाच लागते. आत मिट्ट अंधार असल्यामुळे ती तोंडाने टिकटिक असा आवाज काढीत, त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखून उडते. घरटे ती स्वतःच्या लाळेने घडविते. लाळ वाळून कठीण होते आणि वाटीच्या अर्ध्या फोडीसारखे ते घरटे खडकाला चिकटून राहते. त्यात अंडी बहुधा दोनच.

या खडकांवरील पक्ष्यांची नोंद अलीकडची नाही. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम १८७५ मध्ये येथे येऊन गेले, ते पक्षी पाहण्यासाठीच. १९४२ मध्ये मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. हेच अब्दुलअली उतारवयात बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लिहीत राहिले. ती निर्यात अखेर १९८७ मध्ये बंद झाली. कोणता माल विकू नये, हा प्रश्न त्यांनी हिशेबाच्या भाषेत मांडला होता : बेडूक गेले की शेतातले कीटक वाढतात, आणि ती किंमत परदेशी गिऱ्हाईक देत नाही.

पाकोळीच्या घरट्याचे दुर्दैव असे की त्यालाही गिऱ्हाईक आहे. चीन आणि आग्नेय आशियात लाळेच्या घरट्यांचे सूप ही श्रीमंतांची मेजवानी मानली जाते. तेथील जातींची घरटी जवळजवळ निव्वळ लाळेची असतात. आपल्या पाकोळीच्या घरट्यात पिसे आणि काडीकचराही मिसळलेला असतो, म्हणजे माल कमी प्रतीचा. तरीही तो चोरला गेला. चोर ताजे घरटे पसंत करतो, म्हणून अंडी घालण्याच्या आधीच ते खरवडले जाते. पक्षी पुन्हा बांधतो, ते पुन्हा जाते. तिसऱ्या खेपेस अंगात लाळही उरत नाही आणि हंगामही उरत नाही. अंडी असतील तर ती खाली पडतात. आग्नेय आशियात काही ठिकाणी पिल्ले उडून गेल्यावरच घरटी काढतात; तेथे धंदा चालतो आणि पक्षीही टिकतो. चोराला मात्र तेवढे थांबणे परवडत नाही. त्याला पुढच्या वर्षीच्या मालाची चिंता नसते.

२००१ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ही चोरी उजेडात आणली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी वनखात्याला बरोबर घेऊन मागे लागले. पुढे ही पाकोळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. पण समुद्रातल्या गुहेवर कायदा स्वतः पहारा करीत नाही. तेथे माणसेच जावी लागतात, आणि तीही प्रजननाच्या ऐन हंगामात. पहाटे होडी काढायची, लाट पाहून खडकावर उडी घ्यायची, ओल्या दगडांवरून गुहेत शिरायचे, विजेरीचा झोत कमीत कमी वेळ ठेवायचा आणि भिंतीवरची घरटी मोजायची. अंडी किती, पिल्ले किती, खरवडल्याच्या खुणा कोठे, हे वहीत उतरवायचे. हे काम एकट्याचे नव्हे. एकाची नजर चुकते म्हणून दुसऱ्याने पुन्हा मोजायचे असते; शिवाय समुद्राचा रंग ओळखणारा स्थानिक मच्छीमार नसेल तर मोजणारे परत येतीलच असे नाही. पक्ष्यांना त्रास नको म्हणून मोजणीही लवकर आटोपावी लागते, हा त्यातला खरा अवघड भाग.

सुरयांची मोजदाद याहून बिकट. काळ्या पाठीची सुरय एकच अंडे घालते, तेही दगडाखाली सारून, आणि तिचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर येतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि खडकांकडे जाण्याची वाट संपते. जुलैच्या वादळात कधी एखादी थकलेली सुरय किनाऱ्यावर, क्वचित आतल्या गावातही, येऊन पडते. तेवढीच त्या वसाहतीची वार्ता. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळून पहिली होडी तिकडे जाऊ शकते, तोवर पिल्ले बहुतेक उडून गेलेली असतात, आणि त्या वर्षीचा तो रकाना रिकामाच राहतो.