निकाल ठरलेला, पकड खरी : जपानच्या ‘शूट’ कुस्तीची बाजू

१/ ‘निकाल आधीच ठरलेला, मग ती कुस्ती कसली?’ जपानमधील शूट-शैलीच्या व्यावसायिक कुस्तीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते. विषय संपवायचा असतो. तो इतक्या सहजी संपत नाही, म्हणून हा थ्रेड.

२/ आधी ही कुस्ती काय आहे ते पाहू. २०२० साली स्थापन झालेली ‘ग्लीट’ ही जपानी संस्था ‘लिडेट यूडब्ल्यूएफ’ या नावाने असे सामने भरवते. येथे दोरांवरून उड्या नाहीत, खुर्च्यांची फेकाफेक नाही, पाठ टेकवून मिळणारा विजयही नाही. पकडीतून सुटण्यासाठी दोराचा आधार घेतला की गुण जातो. दोन मल्ल जमिनीवर एकमेकांच्या मनगटासाठी, घोट्यासाठी झगडत राहतात. निकाल मात्र ठरलेला असतो.

३/ ही विद्या आली इंग्लंडमधील विगन या कोळसाखाणींच्या गावातून. तेथे बिली रायली यांच्या आखाड्यात सांधे पिरगाळून हार कबूल करायला लावणारी ‘कॅच’ कुस्ती शिकवली जाई. तेथे शिकलेले कार्ल गॉच पुढे जपानमध्ये वस्ताद झाले आणि ‘कुस्तीचा देव’ म्हणून ओळखले गेले. फुजिवारा, सायामा, माएदा हे त्यांचे शिष्य.

४/ या मंडळींनी १९८४ साली यूडब्ल्यूएफ उभी केली. ती मोडली, १२ मे १९८८ रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये माएदांनी ती पुन्हा सुरू केली. येथे एक कबुली द्यायलाच हवी. ‘इतरांचे खोटे, आमचे खरे’ हा आभास या चळवळीने जोपासला आणि प्रेक्षकांनी तो मानला. ही फसवणूक होती. तिचे समर्थन मी करणार नाही.

५/ त्या फसवणुकीची किंमत ११ ऑक्टोबर १९९७ रोजी चुकती झाली. टोकियो डोममध्ये, खऱ्याखुऱ्या लढतीत, याच परंपरेचा नायक नोबुहिको टाकादा याला ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीने पाच मिनिटांच्या आत हार मानायला लावले. ‘सोंग उघडे पडले,’ असे टीकाकार म्हणाले. आजही म्हणतात.

६/ पण टीकाकारांची गोष्ट येथेच का थांबते? टाकादाच्याच संस्थेत घडलेल्या काझुशी साकुराबाने २१ नोव्हेंबर १९९९ रोजी रॉयलर ग्रेसीला हरवले. १ मे २००० रोजी, नव्वद मिनिटांच्या झुंजीनंतर, रॉयस ग्रेसीच्या बाजूने टॉवेल पडला. रॉयलरला अडकवणारी पकड ब्राझीलमध्ये ‘किमुरा’ म्हणून प्रसिद्ध आहे. विगनच्या परंपरेत तिचे नाव ‘डबल रिस्टलॉक’. सोंगाच्या शाळेत ही विद्या कोणी शिकवली?

७/ गल्लत आहे ती निकाल आणि पकड यांची. संगीत नाटकाचा शेवट पहिल्या अंकाआधीच लिहिलेला असतो. म्हणून गायकाचा षड्ज खोटा ठरतो काय? कोण जिंकणार हे ठरवता येते. खांद्याचा सांधा कोणत्या कोनात अडकतो, हे कोणालाही ठरवता येत नाही. जाणत्या प्रेक्षकासमोर खोटी पकड क्षणभरही टिकत नाही.

८/ आणि विद्येला आश्रय लागतो. बिली रॉबिन्सन हे रायली यांचेच शिष्य. त्यांनी उतारवयात ही कुस्ती शिकवली ती टोकियोतील कोएन्जी येथे, १९९९ साली उघडलेल्या ‘स्नेक पिट जपान’मध्ये. तो आखाडा काढला युको मियातो यांनी, म्हणजे यूडब्ल्यूएफच्याच मल्लाने. विगनच्या विद्येला दूरदेशी छप्पर दिले ते ‘खोट्या’ कुस्तीने.

९/ निकाली कुस्तीवर पोसलेल्या आपल्या मनाला हे पटणे कठीण, हे मी जाणतो. पण जपानी आखाड्यांत बैठकांना आजही ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. एवढे नाते पुरेसे आहे, निदान तुच्छतेपूर्वी एकदा नीट पाहण्यासाठी.

१०/ म्हणून आग्रह दोन्ही बाजूंना. आयोजकांनी ‘हे खरे युद्ध आहे’ असा दावा पुन्हा कधी करू नये. आणि टीकाकारांनी शेवटच्या घंटेकडे न पाहता मल्लाच्या हातांकडे पाहावे. खोटेपणा शोधायचाच असेल, तर तो तेथे शोधून दाखवावा.