मासा आजारी नाही, पाणी चुकले आहे

शोभेच्या माशांच्या दुकानांत ‘गोड्या पाण्यातील मोरे ईल’ या नावाने सापासारखा लांबट, तपकिरी अंगावर बारीक पिवळसर ठिपके असलेला एक मासा विकला जातो. घरच्या टाकीत तो सुरुवातीला बरा दिसतो. काही आठवड्यांनी मात्र खाणे सोडतो, मलूल पडतो, अंगावर पांढुरका थर धरतो. घाबरलेला मालक दुकानात जातो आणि अनेकदा टेट्रासायक्लिनची कॅप्सूल किंवा एखादी पिवळी पावडर घेऊन परततो. हे औषध ना माशाच्या कामाचे असते, ना माणसांच्या हिताचे.

मुळात नावच फसवे आहे. जिम्नोथोरॅक्स टाइल हा मासा खाडीचा, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. पण त्याचे घर नदीच्या मुखाशी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. अशा माशांच्या रक्तात क्षारांचे प्रमाण साधारण त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे रुग्णाला लावतात त्या सलाइनच्या आसपास असते. सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असते. नळाच्या पाण्यात मासा ठेवला की कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाणी सतत आत शिरते व क्षार बाहेर जातात. मूत्रपिंडांना दिवसरात्र जादा पाणी बाहेर टाकावे लागते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, तेवढा काळ हा मासा हा ताण सोसतो. टाकीत मात्र हा पावसाळा संपतच नाही. मासा खंगतो आणि दुबळ्या झालेल्या शरीरावर जंतू नंतर येतात.

अशा वेळी पाण्यात अँटिबायोटिक टाकले की दुखणे वाढते. टाकीच्या फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणूंची वसाहत असते. ती माशाच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे रूपांतर कमी घातक नायट्रेटमध्ये करते. औषधाने हे जिवाणूही मरू शकतात. मग अमोनिया वाढतो आणि कल्ले होरपळतात. जे जिवाणू औषधाला पुरून उरतात, ते पाणी बदलताना गटारात जातात.

जिवाणूंच्या औषध-प्रतिरोधामुळे 2019 मध्ये जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज आहे. आपल्याकडे मार्च 2014 पासून ‘एच-1’ अनुसूचीतील अँटिबायोटिकच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. मार्च 2025 मध्ये केंद्राने क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांना अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत बंदी केली. टाकीतला मासा कोणी खात नाही, त्यामुळे तो या बंदीच्या कक्षेत येत नाही. ही फट बुजवायला हवी. रुग्णालये आणि कुक्कुटपालन यांच्या तुलनेत शोभेच्या माशांचा वाटा छोटा असेल. पण इथे औषधाची गरजच बहुधा नसते, म्हणून हा वापर थांबवणे सर्वांत सोपे आहे.

उपाय साधा आहे. स्वयंपाकाचे मीठ नव्हे, तर मत्स्यालयांसाठी मिळणारे सागरी मीठ वापरावे. लिटरला 10 ते 15 ग्रॅम हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू गाठावे, म्हणजे फिल्टरमधील जिवाणूही रुळतात. मोजमाप हायड्रोमीटरने करावे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे तूट भरताना क्लोरीन काढलेले गोडेच पाणी घालावे. तापमान 24 ते 28 अंश, अमोनिया शून्य. आठवड्यातून दोन-तीनदा कोळंबीचे किंवा माशाचे तुकडे चिमट्याने द्यावेत. झाकण घट्ट हवे, कारण हा मासा फटीतून निसटतो. त्याला खवले नसतात, म्हणून तांबेयुक्त औषधे टाळावीत. पाणी सुधारूनही प्रकृती सुधारली नाही, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला विचारावे.

मालकानेही स्वतःला जपावे. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. मासा चावला तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीचे विचारावे. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी तर उशीर करूच नये. टाकीच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरीनम हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद दोन-चार आठवड्यांनी हातावर न भरणारी गाठ आणतो आणि त्याचे उपचार काही महिने चालतात. निदान अनेकदा लांबते, कारण टाकीचा विषयच निघत नाही. अशी गाठ दाखवायला जाताना घरात मासे आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.