सर्टिफिकेट आहे, पण नोंदणी कुठंय?

नीटला मार्क कमी पडले की 'पॅरामेडिकल कर, लगेच जॉब लागतो' हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला वाईट नाही. पण कोणता कोर्स, किती पैशांत आणि शेवटी हातात काय येणार, हा हिशेब फी भरण्याआधी करायला हवा.

बारावी सायन्स झालंय, बायोलॉजी आवडतं, पण एमबीबीएस काही मिळत नाही. मग पुढं काय? पुण्यात त्याचं उत्तर बसस्टॉपवर चिकटवलेलं असतं. 'सहा महिन्यांत हॉस्पिटल असिस्टंट.' 'एका वर्षात डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट.' खाली मोबाइल नंबर.

माझ्या मामेबहिणीनं असाच एक नंबर फिरवला. ती बार्शीकडची. लॅब टेक्निशियनचा एक वर्षाचा डिप्लोमा, फी नव्वद हजार. सोयाबीनचे पैसे आले तसे मामा हप्ते भरत गेले. वर्ष संपलं, प्रमाणपत्र मिळालं आणि ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये इंटरव्ह्यूला गेली. समोरच्या मॅडमनी फाइल चाळली आणि एकच विचारलं, "कौन्सिलचं रजिस्ट्रेशन?"

तिनं बाहेर येऊन मला फोन केला. "ताई, ते कुठं मिळतं?"

मला तरी कुठं माहीत होतं? म्हणून शोधायला बसले. जे सापडलं, ते तुमच्यापैकी अनेकांच्या कामाचं आहे.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांसाठी परिषद आहे, नर्ससाठी आहे. पण लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी देशभर लागू असा कायदा बरीच वर्षं नव्हता. तो मार्च २०२१ मध्ये संसदेनं मंजूर केला. त्यात पन्नासहून जास्त व्यवसाय दहा गटांत घेतले आहेत. डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारा 'फिजिशियन असोसिएट'सुद्धा त्यात आहे.

त्यातली एक अट नीट वाचा. 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल' म्हणवून घ्यायचं तर किमान २००० तासांचं शिक्षण हवं आणि तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं. एका वर्षाच्या डिप्लोमाचं गणित इथंच फसतं.

कायदा आला, पण राज्यं ढिम्म होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं आणि अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्याकडं महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल आहे. आजवर गल्लीतल्या छोट्या लॅबमध्ये नोंदणीचं कुणी विचारत नव्हतं. पण वारं बदलतंय. मोठी हॉस्पिटलं आधीच विचारायला लागली आहेत.

म्हणजे तुम्ही लाखभर रुपये मोजता, ते प्रमाणपत्रासाठी नाही. त्या नोंदणीसाठी मोजता. तीच मिळणार नसेल, तर स्वस्तातला कोर्सही महागच.

तीन दारं, तीन भाव

पहिलं दार जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. काही महिन्यांचा कोर्स. पेशंटला उठवणं-बसवणं, स्पंज करणं, भरवणं, ताप-बीपी बघून लिहून ठेवणं, व्हीलचेअर नेणं. सरकारच्या कौशल्य योजनांमधून हे फुकटात शिकता येतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१ मध्ये केंद्रानं अशाच कामांसाठी एक लाख तरुणांना तयार करायचा क्रॅश कोर्स सुरू केला होता. हॉस्पिटलचा वास, नाइट शिफ्ट, रडणारे नातेवाईक हे आपल्याला झेपतं का, ते बघायला हे दार चांगलं. पण २०२१ च्या कायद्याच्या अटीत हा कोर्स बसत नाही. दहा वर्षं जीडीए राहून कुणी आपोआप टेक्निशियन किंवा नर्स होत नाही.

दुसरं दार सरकारी कॉलेजचं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. लॅब, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर अशा शाखा असतात. पुण्यात ससूनला लागून असलेल्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये हा कोर्स आहे. सीट कमी, चुरस जास्त, पण फी खासगीच्या मानानं खूपच कमी. आणि ससूनच्या गर्दीत जेवढे पेशंट बघायला मिळतात, तेवढे चकाचक कॅम्पसमध्ये मिळतीलच असं नाही.

तिसरं दार खासगी आणि अभिमत विद्यापीठांचं. इथं मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. काउन्सेलरच्या केबिनमध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही.

कागद-पेन घ्या

आता एक हिशेब. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा खासगी पदवीची फी वर्षाला एक लाख, तीन वर्षांचे तीन लाख. रूम-मेस सोडून द्या, नोकरी केली तरी जेवायला लागतंच. पण कॉलेजऐवजी जीडीए म्हणून बारा हजारांची नोकरी केली असती, तर तीन वर्षांत चार लाख बत्तीस हजार मिळाले असते. ते सोडावे लागले, म्हणजे तोही खर्चच. एकूण सात लाख बत्तीस हजार.

पदवीनंतर वीस हजार पगार मिळाला आणि तोवर जीडीएचा चौदा हजार झाला, तर फरक महिन्याला सहा हजार. वर्षाला बहात्तर हजार. खर्च वसूल व्हायला दहा वर्षं लागतात!

फी वर्षाला वीस हजारच असती, तर? जवळजवळ सात वर्षं. आणि फी लाखच ठेवून पगारातला फरक बारा हजार असता, तर? पाच वर्षं. म्हणजे आपण घासाघीस करतो फीवर, पण निकाल लागतो पगारातल्या फरकावर. इंटर्नशिपचं चौथं वर्ष धरलं की हे सगळे आकडे आणखी वाढतात. आणि नोंदणीच होणार नसेल, तर तो फरकच उरत नाही. मग पैसे कधीच वसूल होत नाहीत. माझ्या बहिणीचं तेच झालं.

जर्मनीत उलटं कसं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट. त्या यादीत नर्सबरोबर मेडिकल असिस्टंट, लॅब असिस्टंट, रेडिओलॉजी असिस्टंटही आहेत. जर्मनीत मेडिकल असिस्टंट तीन वर्षं शिकतो, थोडे दिवस शाळेत आणि बाकी डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये. आणि शिकतानाच त्याला महिन्याला साधारण हजार युरो मिळतात.

जायचं की नाही हा वेगळा प्रश्न. जर्मन भाषा पक्की करावी लागते, घर सोडावं लागतं. पण मला प्रश्न पडतो तो इथला. पुण्यात हॉस्पिटलं काय कमी आहेत? त्यांना ट्रेन झालेली पोरं हवीच आहेत. मग तिथं शिकणाऱ्याला पगार आणि इथं वॉर्डात राबूनही फी विद्यार्थ्यानंच का भरायची? धोका सगळा बार्शीच्या सोयाबीनवर आणि फायदा हॉस्पिटलला, हा सौदा कुणीतरी बदलायला हवा.

फी भरण्याआधी

• पदवी कोणत्या विद्यापीठाची? नाव विद्यापीठाच्या साइटवर स्वतः बघा.
• कोर्सनंतर कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? मागच्या बॅचमधल्या कुणाचं तरी नोंदणीपत्र बघायला मागा.
• प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलमध्ये, किती तास?
• मागच्या बॅचमधल्या दोघांशी फोनवर बोला. आज कुठं आहेत, हातात किती पडतात?

माझी मामेबहीण यंदा पुन्हा अर्ज भरतेय, सरकारी कॉलेजचा. वर्ष गेलं, पैसे गेले. मामा म्हणतात, "जाऊ दे, शिकवणी समजायची." मला ते पटत नाही. नव्वद हजारांत तिला जे कळलं, ते एका फोनवर कळायला हवं होतं.

तेव्हा बसस्टॉपवरच्या त्या नंबरला फोन खुशाल करा. फक्त 'फी किती?' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला नोंदणीचा विचारा. आणि पलीकडचा माणूस लगेच 'आज अॅडमिशन घेतलं तर डिस्काउंट आहे' म्हणाला, तर फोन ठेवून द्या.